कारण : इतर

नाही हो काका, मुलीच्या कार्डाचा नंबर असला म्हणून काय झालं — नंबर असतोच लोकांकडे, झेरॉक्स असते, फोटो असतो, तुम्ही तर मुलीचा शाळेचा दाखलासुद्धा आणलाय, बघितला मी — पण पत्ता नाही सांगता येणार. वडील असलात तरी नाही. तुमच्या स्वतःच्या कार्डाचं काही असेल तर बोला, बोटं परत द्यायचीत, फोटो चांगला आला नाही — कोणाचाच येत नाही — ते आत्ता करून देते. हे नाही. काय? मी फक्त बघायचं आणि मान हलवायची? म्हणजे तुम्ही एकेका गावाचं नाव घेणार आणि मी हो-नाही करणार? अहो, अठरा वर्षं बसलेय या खिडकीत, ही युक्ती तुमच्या आधी किती जणांनी काढली असेल! काका म्हणते हं मी, राग मानू नका, खरं तर तुम्ही माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे असाल, पण या खुर्चीत बसलं की समोरचा माणूस काका नाहीतर मावशी — जिभेला वळणच पडलंय. बसा. स्टूल घ्या ओढून. जेवणाची सुट्टी आहे, दोनला परत सुरू होईल, तोवर मागे कोणी नाही. बसा, पण त्या एका गोष्टीसाठी बसू नका.

दिसतं का म्हणता? दिसतं की. खोटं कशाला बोलू. नंबर इथे टाकला, माझा अंगठा या काचेवर ठेवला, की तुमची मुलगी समोर — फोटो, जन्मतारीख, आत्ताचा पत्ता, त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा. माणसाला स्वतःला आठवत नाहीत इतके पत्ते याला आठवतात. मग एक चौकट येते, 'माहिती पाहण्याचे कारण'. तिथे कारणं तयारच असतात, आपण फक्त निवडायचं — नावात दुरुस्ती, पत्ता बदल, कार्ड हरवलं, आणि सगळ्यात खाली 'इतर'. इतर म्हणजे काय, ते लिहायला जागाच नाही. निवडलं की झालं. अठरा वर्षांत मी ते एकदा निवडलंय. — काही नाही. असंच आलं तोंडात. पाणी घ्या ना, तिथे आहे बाटली.

मला मुलंबाळं नाहीत, म्हणून कळत नाही? असं वाटलं तुम्हाला? आहे हो. मुलगा आहे. चाळिशीचा घोडा, एकुलता एक. त्याचे वडील गेले तेव्हा नववीत होता, तेव्हापासून आम्ही दोघंच — मग सून आली, मग नात झाली. मला दगड समजू नका. तुम्ही ती पिशवी छातीशी धरून बसलाय ना, तशी मी कितीतरी दिवस नातीचा एक पायमोजा पर्समध्ये घेऊन फिरत होते. एकच. दुसरा ती घालून गेली असेल. चार वर्षांची होती ती गेली तेव्हा, पुढचे दोन दात मोठे म्हणून मी तिला खारू म्हणायचे, खारूताईची खारू. सव्वा वर्ष नव्हती माझ्याकडे. सव्वा वर्ष कुठे आहे, काय खाते, ताप येतो का — काही नाही. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला शिकवू नका तुम्ही.

सून घेऊन गेली तिला. — नाही, सुनेची चूक नव्हती. लोकांना असंच सांगते मी, की सून मुलीला घेऊन पळाली, ऐकणारा च्‌च्‌ करतो आणि विषय संपतो. तुम्हाला का सांगतेय कुणास ठाऊक, तुम्ही उद्या भेटणार नाही म्हणूनच बहुतेक. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. कामात हुशार, सगळे नाव घेतात — माणसं आत अडकली की बाहेरून इतक्या मायेने बोलतो, घाबरू नका, दोन मिनिटं, मी इथेच आहे. मी ऐकलंय ना, आमच्याच बिल्डिंगमध्ये एकदा अडकली होती एक बाई. आणि घरी काय, तर कामावर जाताना बायकोला आत ठेवून बाहेरून कुलूप. आधी म्हणाला, चोऱ्या वाढल्यात. मग म्हणाला, तिला फोनवर बोलायची सवय लागलीय. मग काही म्हणायचंच सोडलं. हात उचलायचा का? — हो. उचलायचा. मी मधे पडायचे, मग दोन दिवस घरात शांतता, मग परत. मी इथे साडेपाचपर्यंत लोकांची बोटं काचेवर दाबत बसायचे आणि माझी सून घरात कुलपात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला?

एक दिवस याच सुट्टीत मी घरी गेले. माझ्याकडे दुसरी किल्ली होती, त्याला माहीत नव्हतं. कुलूप काढलं, म्हटलं, जा. ती बघतच राहिली. तिला वाटलं, मी तिला हाकलतेय. मग कळलं तिला. पिशवी भरायला वीस मिनिटं लागली, खारूला मी पायमोजे चढवत होते तर एक सापडेना, म्हटलं राहू दे, एक तर एक. कुठे चाललीस ते मी विचारलं नाही. मुद्दाम. मला माहीतच नको, म्हणजे माझ्या तोंडून निघायलाच नको. ती जिन्यात मागे वळून म्हणाली, आई, तुम्हीपण चला. मी म्हटलं, माझी सुट्टी संपतेय. असं म्हटलं मी! आणि परत कुलूप लावून इथे येऊन बसले. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. संध्याकाळी त्याने कुलूप उघडलं तेव्हा मी त्याच्या मागेच उभी होते, मलाही नवल वाटल्यासारखं तोंड करून. त्याला आजही वाटतं, तिने कुठूनतरी किल्ली बनवून घेतली.

इथवर मी बरोबर होते की नाही? होतेच. तिथेच थांबायला हवं होतं. पण सव्वा वर्ष, काका. तिचा नंबर मला पाठ. पंधरा दिवसांची होती तेव्हा तिचं कार्ड मीच काढलेलं, इथेच, या टेबलावर दुपट्यात ठेवून, फोटोला डोळेच उघडेना. रोज समोर हे मशीन, रोज दीड-दोनशे लोकांचे नंबर टाकायचे आणि एक नंबर टाकायचा नाही. आणि मला हेही माहीत होतं की पाच वर्षांची झाली की शाळेत घालावी लागेल, आणि शाळा म्हणणार, कार्डावर इथला पत्ता दाखवा. सुनेला तो बदलावाच लागणार. ती बिचारी लपून बसेल, पण कार्ड कसं लपवेल? एका दुपारी वीज जाऊन आली, मशीन परत चालू केलं, कोणी नव्हतं — मी नंबर टाकला. अंगठा ठेवला. कारण, इतर. आणि आली की समोर. नवा फोटो, केस कापलेले, दात पडलेला एक. आणि खाली पत्ता. लिहून घेतला नाही मी. गरजच नव्हती, नातीच्या घराचा पत्ता कोण विसरतं?

बघा, तुमचे डोळे लकाकले. हेच, हेच म्हणतेय मी. तुम्हाला वाटतंय, हिने स्वतःसाठी बघितलं आणि माझ्यापुढे नियम सांगतेय. ऐका पुढचं.

मी गेले. कधी ना कधी जाणारच होते ना? मनात म्हणायचे, नुसतं लांबून बघेन — कळतं पण वळत नाही, त्यातली गत. पहिल्या रविवारी समोरच्या बसथांब्यावर बसून राहिले दोन तास. ती खाली आली खेळायला, दोरीवरच्या उड्या मारत होती, सारखी अडकत होती. दुसऱ्या रविवारी वर गेले. सुनेने साखळी लावूनच दार उघडलं, मला बघितलं, आणि पहिल्यांदा माझ्या मागे जिन्यात बघितलं. मग म्हणाली, आई, पत्ता कोणी दिला? मी म्हटलं, शाळेतल्या बाईंची ओळख निघाली. चटकन आलं तोंडात. तिने साखळी काढली. खारू आधी लाजली, मग मांडीवर येऊन बसली ती उठेचना. सून चष्म्याच्या दुकानात लागली होती, खालच्या मजल्यावरच्या बाई पोरीला सांभाळायच्या, घर एका खोलीचं पण खिडकी मोठी. बघून बरं वाटलं हो. जाताना तिने माझा हात धरला, म्हणाली, आई, एवढं जपा. मी म्हटलं, माझ्या तोंडून कधी निघणार नाही. निघालंही नाही. मी तिसऱ्या रविवारीही गेले, आणि माझ्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

फोन. फोनमुळे झालं. मुलाने मला नवा फोन घेऊन दिला होता, स्वतःच सगळं चालू करून दिलं, म्हणाला, आई, तुझं वय झालं, कुठे चक्कर येऊन पडलीस तर मला नकाशावर दिसशील. मला किती कौतुक! बायकोशी कसाही वागला तरी आईची काळजी आहे, असं मी चारचौघांत सांगायचे. तर मी तीन रविवार मंडळाच्या मीटिंगला जाते म्हणून सांगत होते आणि त्याच्या नकाशावर माझा ठिपका तीन रविवार एकाच इमारतीवर. त्याने मला काही विचारलं नाही. मी दुसऱ्याच्या घरात चोरून बघितलं, आणि त्याच वेळी माझा मुलगा माझ्यावर नजर ठेवून बसलेला. याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा. कुंपणाने शेत खाल्लं, आणि कुंपणाला वाटत होतं आपण राखण करतोय.

मंगळवारी मी इथून घरी गेले तर खारू हॉलमध्ये खुर्चीवर बसलेली. पायात बूट तसेच, दप्तर पाठीवर तसंच. मला म्हणाली, आजी, तू बोलावलंस ना मला? मुलगा स्वयंपाकघरातून बाहेर आला हसत, म्हणाला, बघ, तुझ्यासाठी घेऊन आलो, तुला करमत नव्हतं ना? कसा आणला? शाळा सुटल्यावर ती खालच्या बाईंकडे असते, इमारतीत विचारत विचारत तिथे गेला. त्या बाई काही वेड्या नव्हत्या, त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? याने स्वतःचं कार्ड दाखवलं. पोरीच्या कार्डाची झेरॉक्स त्यांच्याकडे होतीच, त्यांनी ताडून बघितलं — वडिलांचं नाव, बरोबर. फोटो, बरोबर. मग त्या काय करणार? कार्डात सगळं खरं होतं, काका. आमच्या कार्डात खोटं काही नसतं. हा माणूस जाताना बायकोला कुलूप लावतो, ते लिहायला रकाना नाही एवढंच.

मी काय केलं? पहिल्यांदा पोरीला पाणी दिलं. मग म्हटलं, हिला रंगपेटी घेऊन देते कोपऱ्यावरून, आलेच. फोन टेबलावर ठेवला, दिसेल असा. आणि तिचं बोट धरून खाली उतरले ती थेट बसथांबा. बसमध्ये खारू विचारत राहिली, रंगपेटी कुठल्या दुकानात मिळते आजी, मी म्हणत राहिले, पुढे, पुढे. सून जिन्याच्या पायरीवर बसली होती. चौकीवर जाऊन आलेली. तिथे तिला म्हणाले, बापच घेऊन गेला ना, मग तक्रार कसली करता? पोरीला बघून ती उठली नाही, नुसते हात पुढे केले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, शाळेतल्या बाईंनी दिला होता ना पत्ता? मी म्हटलं, नाही. मी मशीनमध्ये बघितला. ओरडेल असं वाटलं होतं मला, ओरडायला हवं होतं. ती म्हणाली, कुलूप तुम्ही काढलं होतं, म्हणून तुमच्यासाठी मी साखळी काढली. एवढंच. पोरीला उचललं, वर गेली, दार लागलेलं ऐकू आलं मला. पुढच्या रविवारी मी गेले — हो, गेले, तेवढा तरी शहाणपणा कुठून येणार — खालच्या बाई म्हणाल्या, सोडून गेल्या, आणि मलाही दारात फार वेळ उभं राहू दिलं नाही.

साहेबांना सांगितलं मी. स्वतः जाऊन. म्हटलं, नियम मोडलाय, माझा अंगठा आहे त्यावर, काय करायचं ते करा. मला वाटलं, काढतील. खरं सांगू, काढावं असंच वाटत होतं. ते म्हणाले, तुमचीच नात ना? मग घरातलाच मामला आहे मॅडम, एवढं काय मनाला लावून घेता. आणि दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. माहितीची गोपनीयता. चहा-बिस्किटं होती. शेवटी प्रमाणपत्र दिलं, त्यात माझं आडनाव चुकवलेलं — ओळखपत्राच्या खात्याने!

मुलगा? घरीच आहे. माझ्याच घरी, कुठे जाणार? पोटचा आहे. त्या दिवशी परत आले तर माझा फोन हातात धरून बसला होता, म्हणाला, विसरलीस आई. माझ्यावर हात नाही टाकला. खुर्ची तेवढी मोडली. आता फोन मी घेऊनच फिरत नाही. भाजी-पोळी करते, ताट वाढते, आणि तो रोज सकाळी, रोज हं, घोट घोट चहा घेत म्हणतो, आई, एकदा बघ ना, मी बदललोय, मला फक्त पोरीला बघायचंय. आवाज अगदी तसाच, लिफ्टबाहेरून बोलायचा तसा. आणि मी रोज म्हणते, नाही. मग इथे येते आणि नंबर पाठ असतो. त्याला नाही म्हणणं एक वेळ सोपं, तो समोर असतो. इथे दुपारी एकटी असते ना, तेव्हा... जाऊ दे. बघितलं नाही मी परत. एवढं मात्र खरं, सात महिने झाले, नाही बघितलं.

नोकरी सोडून दे, असं बहीण म्हणते माझी. अजून दहा महिने आहेत निवृत्तीला. पण मी म्हणते, या खुर्चीत उद्या दुसरं कोणी बसलं, एखादी नवी मुलगी, मऊ मनाची — आणि माझा मुलगा तुमच्यासारखा दाखले घेऊन, डोळ्यात पाणी आणून समोर बसला तर? रडेल तो. खरंच रडेल, नाटक नाही. तिला कसं कळेल? मला तरी कुठे कळतंय तुमचं? हो, दुसऱ्या खिडक्या आहेत गावात, सोळा आहेत, तिथे कोण बसतं आणि काय करतं, माझ्या हातात नाही. माझ्या हातात ही एक.

एक विचारू काका? तुम्ही आल्यापासून चार वेळा मागे वळून बघितलंत. त्या काचेतून. तो मोटरसायकलवर बसलाय, हेल्मेट मांडीवर घेऊन, तो तुमच्याबरोबर आहे ना? मघाशी म्हणालात तुम्ही, 'आम्हाला फक्त पत्ता हवाय'. आम्हाला म्हणजे? — मुलगा आहे का तुमचा? — नाही? मग?

जावई.

त्यानेच सांगितलं, तुम्ही विचारा म्हणून. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणार नाहीत. — नाही नाही, तुम्ही वाईट आहात असं मी कुठे म्हटलं? तोही तुमच्याशी चांगलाच वागत असेल. तुम्हाला मागे बसवून आणलं, उतरताना हात दिला, बघितलं मी. माझाही मला औषधं वेळेवर आणून देतो. पण तुमच्या मुलीने जाताना पत्ता त्याला दिला नाही आणि तुम्हालाही दिला नाही, या दोन गोष्टी तुम्ही कधी एकत्र धरून बघितल्यात का? ती तुमच्यावर रुसली नसेल हो. तुम्ही कोणाच्या गाडीवर बसता ते तिला माहीत असेल. — रडू नका. अहो, रडू नका असं, मला काही सुचत नाही मग. तुम्ही घर बदललंत का ती गेल्यावर? नाही ना? दाराला तीच घंटा, तोच नंबर? मग तुमचा पत्ता आहे तिच्याकडे. तिला यायचं असेल तेव्हा ती येईल. तोवर दुपारचे घरी थांबत जा, एकटे. एकटे म्हणतेय मी.

उठा आता, दोन वाजले. तोंड पुसा आधी. बाहेर जाऊन काय सांगायचं त्याला? सांगा, बाई खडूस आहे, ऐकतच नाही म्हणावं. त्याला स्वतःला आत यायचं असेल तर येऊ दे, मी साडेपाचपर्यंत आहे. — जपून, पायरी आहे तिथे. — हं, या मावशी, फॉर्म आणलाय? उजवा हात. अंगठा नाही, आधी चार बोटं. दाबा. अजून जरा.